वस्तादांची पडबंडी

बेडगेवाडीचे वस्ताद हिंदुराव मगदूम सत्तरी ओलांडल्यावर, भर तालमीत, निम्म्या गावासमोर, पोटच्या पोराच्या हातून चीत झाले.

असं काही झालेलं नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बेडगेवाडीत जाऊन कुणालाही विचारलंत तरी हेच उत्तर मिळेल. त्या दिवशी तालमीतल्या मातीच्या हौद्याभोवती उभं राहायला जागा नव्हती. पण नेमक्या त्या क्षणी कुणाच्या डोळ्यात माती गेली, कुणाचा फोन वाजला, कुणी हरवलेली चप्पल शोधायला खाली वाकलं. वस्तादांचे जुने जोडीदार पिरगोंडा अण्णा तर म्हणे उभ्याउभ्या झोपले होते. अख्ख्या गावाला एकाच वेळी काहीही न दिसण्याचा हा जगातला पहिलाच प्रकार असावा. शास्त्रात त्याची नोंद व्हायला हवी होती. झाली नाही, कारण प्रकार घडलाच नाही.

तेव्हा जे घडलं नाही ते कसं घडलं, एवढंच सांगायचं राहतं.

हिंदुराव वस्तादांनी उभ्या आयुष्यात पाठीला माती लागू दिली नव्हती. हरले होते. गुणांवर हरले, कान सुजवून हरले, एकदा तर समोरचा गडी आलाच नाही तरी कसे कोण जाणे हरले. पण चीत नाही. दोन्ही खांदे मातीला टेकले आणि नजर वर गेली की मातीतल्या कुस्तीत माणूस संपतो, आणि वस्तादांना संपायचं नव्हतं. ते झोपायचेसुद्धा कुशीवर. पोटाची सोनोग्राफी करायला ‘उताणे झोपा’ म्हटल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, की पोट पुढं आहे, पाठीचं काय काम?

त्यांना एकच मुलगा. नाव ठेवताना जरा घाई झाली आणि अजिंक्य ठेवलं. हा अजिंक्य कळायला लागल्यापासून सगळ्या कुस्त्या हरला. शाळेच्या हरला, जत्रेतल्या हरला, नारळावरच्या हरला. अंगानं बरा होता, खुराकही बापाला शोभेल असा होता, पण समोरच्यानं हात लावला की तो पडायचा. शेवटी तालमीत त्याला एक काम मिळालं. नवी पोरं आली की त्यांनी डाव अजिंक्यवर घोटायचे. ढाक, टांग, कलाजंग, जे शिकायचं ते याच्यावर. दिवसभर तो पडायचा आणि संध्याकाळी भाकरी खायचा. दुखायचं काहीच नाही.

पडण्याची त्याची एक रीत होती. हनुवटी छातीला, पाठ वडाच्या मुळीसारखी वाकडी, मग खांद्यावरून एक लोळण आणि शेवटी तो मांडी घालून बसलेला. बसला की उजवा हात वर. हा हात लहानपणचा. हौद्याच्या त्या टोकाकडून वस्ताद ओरडायचे, “लागलं का रं?” आणि तोंडात माती असल्यामुळं अजिंक्यला बोलता यायचं नाही. हात वर म्हणजे, न्हाई लागलं. पुढं वस्तादांनी विचारायचं सोडलं. हात राहिला.

त्या सुमारास मिरजेत ‘पतन व अनपेक्षित इजा संशोधन केंद्र’ निघालं होतं. लोक कुठं, कसे, कशापायी पडतात आणि कुठं कुठं मोडतात याचा तिथं अभ्यास चाले. केंद्राच्या प्रमुख डॉ. तबस्सुम मुजावर यांनी डॉक्टरेट मिळवली होती ती पाया पडणारा आणि त्याला उठवायला वाकणारा यांची डोकी एकमेकांवर आपटून होणाऱ्या इजांवर. बाई हसत नसत. एवढे विनोदी अपघात वाचून वाचून त्यांचं हसू संपलं असावं.

त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. सगळीकडं म्हातारी माणसं न्हाणीत घसरतात आणि खुबा मोडतो. कृष्णाकाठच्या काही गावांत मात्र मोडत होतं नाक. नाहीतर कोपर, दात, एका गावी तर कानाची पाळी. पाठीला खरचटलेलं एक माणूस मिळेना. याचा उलगडा करायला डॉक्टरबाई बेडगेवाडीच्या तालमीत आल्या आणि बाकावर बसलेल्या पिरगोंडा अण्णांच्या वाकड्या नाकापाशी थांबल्या.

“हे कसं झालं, काका?”

“न्हाणीत पाय सटाकला बगा. सरळ पाठीवर चाललो हुतो. म्हटलं, आता ह्या वयात? मारली गिरकी.”

“मग?”

“नाक गेलं,” अण्णा समाधानानं म्हणाले. “पाठ वाचली.”

बाईंनी मान हलवली. इतक्यात समोर हौद्यात एका दांडग्या पोरानं अजिंक्यला डोक्यावरून फेकला. धप्प आवाजाऐवजी पोतं रिकामं झाल्यासारखा आवाज आला, आणि अजिंक्य मांडी घालून, हात वर करून बसलेला दिसला.

“बोला,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “काय शंका आहे?”

“मला न्हाई,” अजिंक्य म्हणाला. “पडलो.”

पुढच्या महिन्यात तो मिरजेला नोकरीवर रुजू झाला. हुद्दा ‘प्रमाण पतनकार’. अशी जागा सरकारी भाषेत बसवायला केंद्राला फार पत्रव्यवहार करावा लागला होता.

शास्त्र तसं सोपं आहे. तोल गेल्यापासून जमीन लागेपर्यंत माणसाला सेकंदभरसुद्धा मिळत नाही. मेंदूला बातमी पोचेपर्यंत, मेंदूनं विचार करून हुकूम सोडेपर्यंत त्यातला बराचसा वेळ गेलेला असतो. उरलेल्यात माणूस हमखास नको तेच करतो. अंग ताठ करतो, हात पुढं टाकतो आणि हातातली कपबशी वाचवतो. मांडीचं हाड खुब्यात बसतं तिथं त्याची मान बारीक असते. म्हातारपणी ती आतून जाळीदार होते. कुशीवर पडलं की सगळा भार त्या बारीक मानेवर, एका दणक्यात. तोच भार वाकवलेल्या पाठीवर घेतला तर तो जास्त जागेवर पसरतो आणि थोडा जास्त वेळ घेऊन जिरतो. जोरात आलेला चेंडू झेलताना हात मागे नेतात, तसं. अजिंक्यचं अख्खं शरीर असा मागे नेलेला हात होतं.

त्यावरून पडबंडी निघाली. दिसायला खेड्यातली म्हातारी माणसं घालतात तशीच खिशांची बंडी. अस्तरात मात्र फोनमध्ये असतात तसले तोल ओळखणारे बारीक तुकडे आणि कापडात विणलेल्या तारा. तोल गेला की या तारा स्नायूंना बारीक झटके देत. हनुवटी आत, पाठ गोल, मुठी सैल. मेंदूला विचारायला कुणी थांबतच नसे. पडणारं माणूस तुमचंच, पण पडणं अजिंक्यचं.

फक्त एक घोटाळा झाला. संगणकाला अजिंक्यची हजारो पडणी दाखवलेली, आणि दर वेळी शेवटी हात वर. पडणं कुठं संपलं आणि सवय कुठं लागली, हे त्याला कोण सांगणार? हात काढून बघितला तर मान चुकायला लागली. “राहू दे,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “हात वर करून कुणी मेलेलं माझ्या वाचनात नाही.”

आणि मग सबंध महाराष्ट्र अजिंक्यसारखा पडायला लागला.

खुबे मोडायचे थांबले. हाडांचे डॉक्टर दुपारी घरी जाऊन झोपायला लागले. बाकी किरकोळ अडचणी आल्या. हात दाखवला की थांबायचं, एवढंच विनाचालक एसटीला शिकवलेलं होतं, त्यामुळं कराडात घसरलेल्या एका आजींना गाडीनं अदबीनं आत घेतलं आणि चिपळूणला नेऊन सोडलं. एका ग्रामसभेत मतदान चालू असताना एक सदस्य खुर्चीवरून कलंडले आणि स्मशानभूमीत मोफत इंटरनेट देण्याचा ठराव एका मतानं मंजूर झाला. एका मंगल कार्यालयात नवऱ्या मुलाची आत्या घसरून, मांडी घालून, हात वर करून बसली. लोकांना वाटलं आशीर्वाद देतेय, म्हणून रांग लागली. आत्याबाई प्रत्येकाला उठवायला वाकत राहिल्या, डोकी आपटली, आणि डॉ. मुजावर यांच्या जुन्या विषयात मोलाची भर पडली.

अजिंक्यचं नाव झालं. लोक वस्तादांना थांबवून सांगायचे, “वस्ताद, पोरानं नाव काढलं की तुमचं!”

“व्हय,” वस्ताद म्हणायचे. “पडून काढलं.”

घरी ते यावर काहीच बोलत नसत. अजिंक्यनं पहिल्याच खेपेला आणलेली पडबंडी खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यात आई लसूण ठेवायची.

मग एका सकाळी वस्ताद न्हाणीत साबणावरून घसरले. पाठीवरच चालले होते. पण पाठ ती पाठ. त्यांनी अर्ध्यात अंग मुरडलं, नळ धरला, नळासकट खाली आले आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. गालाला टाके पडले. मिरजेच्या डॉक्टरांनी जाता जाता खुब्याचाही फोटो काढला, तो उजेडाला धरला आणि चष्मा पुसून पुन्हा धरला.

“पापड झालाय, वस्ताद,” शेवटी म्हणाले. “आता एकदा कुशीवर पडलात की चालायचं विसरा.”

घरी आल्यावर अजिंक्यनं खुंटीवरची बंडी काढली, लसूण बाजूला ठेवला आणि ती बापापुढं धरली.

“आबा, घाला.”

“नगं.”

“का पण?”

“ती काय करती, सांग की मला.”

“पडताना सांभाळती.”

“कशी सांभाळती?”

अजिंक्य बंडीच्या खिशात राहिलेली लसणाची पाकळी काढायला लागला.

“पाठीवर घेती,” वस्ताद म्हणाले. “भोलू पैलवानाला जमलं न्हाई, पतियाळ्याच्या त्या सांडाला जमलं न्हाई, ते आता शिवलेल्या कापडाकडनं करून घेऊ? लेका, मला पाडायला तुमच्या केंद्रानं बंडी काढली आन् तिच्यात डाव कुणाचा, तर तुझा!”

चुलीपाशी बसलेल्या आईनं भाकरी उलटली. “बरोबर हाय त्यांचं. नगं घालू देऊस. खुबा मोडला म्हंजे डाक्टर काय करत्यात ठावं हाय न्हवं? उताणं निजवत्यात. कायमचं. मग रोज सकाळी उठून चीत, दुपारी चीत, रात्री चीत. मी आपली चमच्यानं पेज घालीन आन् हलगीवाल्याला बोलवीन.”

वस्तादांनी तिच्याकडं बघितलं. त्यांच्या लक्षात ही बाजू आली नव्हती. ते उठले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन, एका कुशीवर, आडवे झाले.

दोन्ही हातांत अंडी घेऊन चालावं तसं ते घर पुढं चालत राहिलं. आबा उठले की अजिंक्यही उठलेला. आबा पायरी उतरले की आईचा हात कढईवर थांबलेला. अशात एक दिवस आईनं पडबंडीचं अस्तर उसवलं आणि वस्तादांच्या रोजच्या मळक्या बंडीत आतून शिवून टाकलं. अजिंक्यनं तारा जोडून दिल्या. दोघंही एकमेकांकडं न बघता शिवत होती, लग्नघरातले लाडू चोरल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी बंडी घातली, काही न कळता चहा प्यायले आणि तालमीकडं निघाले. अंगणात रात्रीच्या पाण्यानं शेवाळ सुटलेलं. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. अजिंक्यला वाटलं, घसरले तरी आता काही होणार नाही. आणि लगेच वाटलं की घसरले, चीत झाले, आणि मांडी घालून हात वर करून बसल्यावर त्यांनी आपल्याकडं बघितलं, तर?

“आबा, बंडी काढा.”

“का रं?”

“तीच हाय ती. आतनं शिवलीया.”

आतून आईनं कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

वस्तादांनी बंडी काढली, नीट घडी केली आणि कठड्यावर ठेवली. “गड्याला न सांगता पकड धरली तर त्याला काय म्हणत्यात?”

“लबाडी.”

“आन् तू अर्ध्यात सांगून टाकलंस.”

“व्हय.”

“म्हणून तुला कुस्ती आली न्हाई.” ते पायरीवरच बसले. पायाच्या अंगठ्यानं शेवाळ खरवडलं. मग म्हणाले, “तुझी आई बोलली ते खरं हाय. पाठ टेकणारच हाय. आज न्हाईतर उद्या, न्हाणीत न्हाईतर खाटंवर. पण पयल्यांदा टेकंल ती माणसाच्या हातनं. मातीत, सलामी घेऊन. मशीननं न्हाई, साबणानं न्हाई. एकदा माणसानं टेकवली की मग बंडी घालतो. लसणाची असली तरी घालतो.”

“कोण टेकवंल तुमास्नी?”

“तू.”

“आबा, मी आजवर कुणाला पाडलं न्हाई.”

“म्हाईत हाय,” वस्ताद म्हणाले. “मी बगत हुतो की.”

अजिंक्य मिरजेला गेला तो थेट डॉ. मुजावरांच्या टेबलापुढं उभा राहिला. सगळं ऐकून बाईंनी चष्मा काढला.

“म्हणजे हाड वाचवायला बंडी, आणि बंडी घालायला म्हणून आधी त्याच हाडावर कुस्ती.”

“व्हय.”

“पाडू नकोस. तुला पाडता येत नाही, तो नाद सोड. तुला पडता येतं.” त्यांनी कागदावर दोन वर्तुळं काढली, एकात एक. “दोघांसाठी पडता येईल का?”

अजिंक्यनं तसं कधी पडून बघितलं नव्हतं. आधी तांदळाचं पोतं पोटाशी धरून पडला. पोतं फाटलं. मग कलिंगड. मग अंड्यांचा ट्रे. पहिल्या दिवशी केंद्राच्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी आम्लेट खाल्लं, दुसऱ्या दिवशीही खाल्लं, मग हळूहळू आम्लेट कमी होत गेलं. ज्या दिवशी कँटीनवाल्यानं “आज काय नाही का?” असं नाराज होऊन विचारलं, त्या दिवशी डॉ. मुजावर म्हणाल्या, “जा.”

वस्तादांचं गळ्याजवळचं हाड तोवर सांधलं होतं, आणि कुस्ती गुपचूप व्हायची होती. पण ही गोष्ट पिरगोंडा अण्णांना कळली, आणि अण्णांना कळलेलं गुपित बेडगेवाडीत हलगीपेक्षा लवकर पोचतं. हौद्याभोवती माणूस मावेना. आई पदर खोचून दारात. डॉ. मुजावर रुग्णवाहिका आणि कॅमेरा घेऊन आल्या होत्या. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडलेलं, वास तालमीभर. वस्ताद लंगोट लावून उतरले तेव्हा म्हातारी कातडी हलत होती, पण मान तशीच होती. बापलेकांनी सलामी दिली, एकमेकांच्या खांद्यावर माती टाकली.

पहिल्याच पकडीत वस्तादांनी अजिंक्यला सवयीनं पाडला. टाळ्या पडल्या, हलगी कडाडली. अजिंक्य हात वर करून बसला.

“ऊठ,” वस्ताद म्हणाले. “बसायला आलायस व्हय?”

तो उठला. वस्तादांनी मानेत हात घातला, कंबर आत सरकवली, ढाक मारणार. आजवर इथं अजिंक्यचं अंग आपोआप सुटायचं. या वेळीही सुटलं. फक्त सुटताना त्यानं बापाला दोन्ही हातांनी पोटाशी घेतलं, अगदी ट्रे धरतात तसं, आणि पडला. नेहमीचंच पडणं, पण रुंद, सावकाश, दोघांना पुरेल एवढं. आधी त्याची पाठ, मग खांदा, मग लोळण. माती भरभरून उडाली. वस्तादांचा खुबा कुठंही न लागता वरून गेला आणि झोपलेलं पोर पाळण्यात उतरवावं तशी त्यांची पाठ, डावा खांदा आणि मग उजवा, मातीवर आली.

हलगी थांबली.

वस्ताद उताणे पडले होते. डोळे टक्क उघडे. आई पुढं धावली, डॉक्टरबाई धावल्या, अजिंक्य तोंडातली माती थुंकून ओरडला, “आबा, लागलं का?”

वस्ताद वर बघत होते.

“पत्रा गळतोय की रं,” ते म्हणाले.

“आँ?”

“तालमीचा. तो बग, कोपऱ्यात. काळा डाग पडलाय केवढा. इतकी वर्षं कुणी बोलला न्हाई मला.”

“जे पडत्यात त्या सगळ्यास्नी म्हाईत हाय, आबा.”

वस्ताद थोडा वेळ तसेच पडून राहिले. पोटातून हसू यायला लागलं, आधी श्वासासारखं, मग खोकल्यासारखं, मग सगळं अंग हलायला लागलं. एवढा वेळ उताणं त्यांना आईनं कधी बघितलं नव्हतं. “बरं वाटतंय की हितं,” ते म्हणाले. “पाठीला गार लागतंय.”

आता गावापुढं प्रश्न होता. वस्ताद चीत झाले, हे म्हणायचं कसं? मग पिरगोंडा अण्णांनी जांभई दिली. “झाली का सुरू कुस्ती? मला जरा डुलकी लागली हुती.” त्यासरशी एकाच्या डोळ्यात माती गेल्याचं निघालं. दुसऱ्यानं चप्पल सापडल्याचं जाहीर केलं. अण्णांचा टॉवेल मघापासूनच कॅमेऱ्यावर पडला होता, आणि डॉ. मुजावर यांनी तो काढलाही नव्हता.

“शास्त्रात नोंद नसेल तर घटना धरत नाही,” त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा हसल्या असाव्यात. तेही कुणाला दिसलं नाही.

वस्तादांनी मात्र घरी येऊन शब्द पाळला. पडबंडी घातली. आईनं लसणासाठी नवं मडकं आणलं. आता कुणी पाहुणा आला की वस्ताद अजिंक्यला हाक मारून पुढं करायचे. “हा आमचा पोरगा. महाराष्ट्र पडतो, तो ह्याच्यागत पडतो.” सांगताना आवाज असा, की जणू गदा आणलीय.

दोनेक महिने बंडीला काही काम पडलं नाही. मग एका सकाळी दूध डेअरीसमोर कुणाचं तरी दूध सांडलं होतं, त्यावरून वस्तादांचा पाय गेला. तारांनी चोख काम केलं. हनुवटी आत, पाठ गोल, लोळण, मांडी. खुब्याला मुंगीसुद्धा चावली नाही. मग हात वर जायला लागला. अर्ध्या वाटेवर वस्तादांनी तो ओढून घेतला. विजेचे झटके वर ओढतायत, वस्ताद खाली ओढतायत, आणि शेवटी हात सगळ्या ताकदीनिशी मांडीवर आला. खणखणीत शड्डू! डेअरीतली म्हैस बिथरली.

बंड्या आपापलं पडणं केंद्राकडं पाठवतात, आणि संगणक त्यातून शिकत असतो. इतक्या जोराचा शेवट त्यानं कधी बघितला नव्हता. हाच खरा शेवट असणार, असं त्याचं मत झालं. आठवड्याभरात महाराष्ट्रात पडलेला प्रत्येक माणूस उठून बसला की समोर असेल त्याच्याकडं बघून शड्डू ठोकायला लागला. पुण्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी घसरून महापालिकेच्या अभियंत्याला आव्हान दिलं आणि फुटपाथ दुरुस्त करून घेतला. एका लग्नात वरमाईनं पडल्या पडल्या विहिणीपुढं शड्डू ठोकला. विहिणीनं तो स्वीकारला. जेवणं उशिरा झाली, पण लोक म्हणतात इतकं रंगलेलं लग्न झालं नाही.

एवढं सगळं होऊन वस्तादांच्या मनाला मात्र एक गोष्ट लागून राहिली. तालमीतली कुस्ती तर झालीच नव्हती. म्हणजे पाठ पहिल्यांदा टेकली ती डेअरीसमोर, मग तिथं आपल्याला पाडलं कुणी? अजिंक्य मिरजेला होता. बंडीनं पाडलं म्हणावं तर तिनं सांभाळलं. दुधानं पाडलं म्हणावं तर दुधात तेवढा दम नाही. चार दिवस कट्ट्यावर, आता खुशाल उताणे पडून, त्यांनी विचार केला. पाचव्या दिवशी अजिंक्यला कागद घेऊन बसवलं आणि सरकारी भाषेत घाल म्हणून सांगत गेले. डॉ. मुजावर यांनी तो अर्ज आवक शिक्का मारून रीतसर दाखल करून घेतला. तो असा :

प्रति,
मा. संचालक,
पतन व अनपेक्षित इजा संशोधन केंद्र, मिरज.

विषय : दूध डेअरीसमोर झालेल्या पकडीच्या निकालाबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, सदर ठिकाणी अर्जदाराची पाठ जमिनीस लागल्याचे आपल्या यंत्राने नोंदविले आहे. नोंद मान्य आहे. निकाल मान्य नाही. प्रतिपक्ष पृथ्वी हिने सलामी दिली नाही, माती लावली नाही, तसेच संपूर्ण पकडीत ती अर्जदाराच्या खालीच होती, ही बाब डेअरीतील उपस्थित सर्वांनी पाहिली आहे. कुस्तीत खालचा गडी चीत धरण्याची पद्धत आहे. परंतु तसा निकाल देण्यासाठी गड्याची पाठ कोणती व पोट कोणते, हे पंचास ठाऊक असणे आवश्यक असून पृथ्वीच्या बाबतीत असा खुलासा कोणत्याही कार्यालयात उपलब्ध नाही.

तरी पृथ्वीची पाठ नक्की कोणत्या बाजूस आहे, याची सक्षम अधिकाऱ्यांमार्फत समक्ष पाहणी करून अर्जदारास लेखी कळविण्यात यावे, आणि तोपर्यंत तिला कोणत्याही पैलवानाबरोबर जोड देण्यात येऊ नये, ही विनंती.